औषधी तेले आणि रक्ताची गुठळी : स्तनाच्या कर्करोगातील एक दुर्लक्षित प्रश्न



वार्षिक अहवालात जमाखर्च, उपक्रम आणि ऋणनिर्देश यांच्या जोडीला एखादा अभ्यासलेख असावा, जेणेकरून अहवाल वाचून झाल्यावर घरी नेण्यासारखे काही हाती उरेल, असा आमचा प्रयत्न असतो. यंदा त्यासाठी आम्ही एक अगदी घरगुती विषय निवडला आहे. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या आमच्या भगिनींच्या उशाशी औषधांच्या डब्याशेजारी बहुधा तेलाची एक बाटली असते. डब्यातील गोळ्यांची माहिती डॉक्टरांना असते, बाटलीची नसते. या न सांगितलेल्या गोष्टीतून कोणता धोका संभवतो आणि तो किती सहज टाळता येतो, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

पनवेल आणि औषधी तेल यांचे नाते जुने आहे. श्री धूतपापेश्वर ही आयुर्वेदीय औषधे तयार करणारी संस्था १८७२ साली याच गावी स्थापन झाली. दुसरीकडे, कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये परळहून आपल्या तालुक्यातील खारघरला आली आणि टाटा स्मारक केंद्राचे 'ॲक्ट्रेक' हे नाव रायगड जिल्ह्यातील घराघरांत पोहोचले. वैद्यकाच्या या दोन्ही परंपरा आपल्या शेजारी नांदत आहेत, आणि एकच रुग्ण सकाळी एकीचे इंजेक्शन घेऊन संध्याकाळी दुसरीचे तेल लावतो. यात गैर काहीच नाही. मात्र दोन्हींची गाठ रुग्णाच्या रक्तात पडते, हे ध्यानी ठेवावे लागते.

कर्करोगात रक्त का गोठते?

जखम झाली की रक्त गोठते, म्हणूनच आपण जगतो. तेच रक्त जखमेवाचून शिरेच्या आत गोठले, तर मात्र जिवावर बेतते. अशी गुठळी बहुधा पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत तयार होते. तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर हृदयातून फुप्फुसात गेला आणि तेथील वाहिनी बंद झाली, तर काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो.

कर्करोग आणि गुठळी यांचा संबंध पॅरिसचे वैद्य आर्मां ट्रूसो यांनी १८६५ साली आपल्या व्याख्यानांतून मांडला. दैवदुर्विलास असा की, पुढे त्यांच्या स्वतःच्याच शिरेत गुठळी झाली; तिचा अर्थ त्यांनी ओळखला, आणि १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. जर्मनीचे रुडॉल्फ फिर्खो यांच्या संशोधनातून गुठळीची जी तीन कारणे पुढे आली, ती आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवली जातात : रक्ताचा प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या आतील अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे.

स्तनाच्या कर्करोगात ही तिन्ही कारणे एकत्र येऊ शकतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण अंथरुणावर पडून राहते; महाड-माणगावहून एसटीने किंवा पनवेलहून लोकलने कुर्ल्याला गाडी बदलून परळ गाठताना तासन् तास बसून राहते. केमोथेरपीची औषधे आणि ती देण्यासाठी बसवलेली नळी यांमुळे शिरेच्या अस्तराला इजा होते. शिवाय कर्करोगाच्या पेशी स्वतःच रक्त गोठवण्यास चालना देणारी द्रव्ये सोडतात.

यात आणखी एका औषधाची भर पडते, ते म्हणजे टॅमॉक्सिफेन. स्त्री-संप्रेरकावर पोसणाऱ्या कर्करोगात ही गोळी पाच किंवा त्याहून अधिक वर्षे दिली जाते आणि तिने जगभरातील असंख्य स्त्रियांचे प्राण वाचवले आहेत. स्तनात ती संप्रेरकाला अटकाव करते. परंतु यकृतावर तिचा परिणाम काहीसा संप्रेरकासारखाच होतो आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती थोडी वाढते. इंग्लंडमधील १३,२०२ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात केमोथेरपीच्या काळात गुठळीचा धोका सुमारे अकरापट, तर टॅमॉक्सिफेन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सुमारे साडेपाचपट आढळला.

हे आकडे वाचून कोणी भगिनीने गोळी बंद करू नये, ही कळकळीची विनंती. मुळातला धोका लहान असेल, तर त्याची काही पट वाढही बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. अमेरिकेत १३,३८८ स्त्रियांवर झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रतिबंधात्मक चाचणीत प्रत्येक गटात सुमारे साडेसहा हजार स्त्रिया होत्या. फुप्फुसात गुठळी जाण्याच्या घटना टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या गटात १८ आणि न घेणाऱ्या गटात ६ झाल्या. धोका तिप्पट झाला, हे खरे. पण हजारो स्त्रियांना काहीच झाले नाही, हेही तितकेच खरे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. एवढ्या मोठ्या संख्येत लहानसा धोकाही अनेक घरांपर्यंत पोहोचतो, म्हणून त्याची ओळख हवी.

सुजलेला पाय आणि कोमट तेल

आता तेलाकडे वळू. एक उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. शस्त्रक्रिया होऊन महिना झाला आहे, केमोथेरपी सुरू आहे. एके सकाळी आईचा डावा पाय जड वाटतो, पोटरी दुखते, संध्याकाळपर्यंत सूज येते. घरात सर्वांना वाटते, पडून राहून पाय अवघडला असेल. सून मायेने तेल कोमट करते आणि पोटरी जोर लावून चोळते. या कृतीत प्रेमावाचून दुसरे काही नाही. तथापि पोटरीच्या शिरेत गुठळी असेल, तर त्या चोळण्याने तिचा तुकडा सुटू शकतो. मालिश केल्यानंतर गुठळी फुप्फुसात गेल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. तेल नारायण तेल होते की साधे खोबरेल, याने येथे काहीच फरक पडत नाही. धोका तेलात नसून चोळण्यात आहे.

मग प्रत्येक दुखण्याला घाबरायचे का? मुळीच नाही. पाळी थांबलेल्या रुग्णांना टॅमॉक्सिफेनऐवजी अनेकदा लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल दिले जाते. या गोळ्या गुठळीचा धोका टॅमॉक्सिफेनसारखा वाढवत नाहीत. परंतु त्या घेणाऱ्या निम्म्याच्या आसपास स्त्रियांचे सांधे दुखतात. म्हणूनच स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या घरी तेलाची बाटली इतकी सर्रास दिसते. हे सांधेदुखीचे दुखणे बहुधा दोन्ही बाजूंना असते. सकाळी बोटे, मनगटे, गुडघे आखडतात आणि हालचाल केल्यावर मोकळे होतात. अशा वेळी हलक्या हाताने तेल लावण्यास सहसा हरकत नसते.

गुठळीचे दुखणे वेगळे असते. ते बहुधा एकाच पायाला होते. सूज, पोटरीत ठणका, त्वचेला ऊब किंवा लाली, ही त्याची चिन्हे आहेत. केमोथेरपीची नळी ज्या बाजूला बसवली आहे, त्या बाजूच्या हाताला, खांद्याला किंवा मानेलाही अशी सूज येऊ शकते. काखेतील लसिकाग्रंथी काढल्यामुळे येणारी हाताची सूज निराळी. ती सहसा हळूहळू वाढते आणि तिच्यासाठी फिजिओथेरपिस्ट विशिष्ट प्रकारचे हलके मर्दन शिकवतात. पण अचानक आलेली सूज कोणती, हे घरी ठरवता येत नाही. डॉपलर सोनोग्राफीने ते कळते. ती तपासणी होईपर्यंत त्या हाताला किंवा पायाला मालिश, शेक, पट्टी यांपैकी काहीही करू नये.

त्वचेतून आणि पोटातून

तेल नुसते लावले तर ते रक्तात कसे जाईल, असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. आयुर्वेदातील सिद्ध तेलाची सर्वसाधारण कृती अशी : एक भाग वनस्पतींचा कल्क, चार भाग तेल (बहुधा तिळाचे) आणि सोळा भाग काढा किंवा अन्य द्रव एकत्र शिजवून पाणी आटवायचे. अशा तेलाचा बहुतांश भाग तेलच असतो. ते हलक्या हाताने बाहेरून लावल्याने रक्त पातळ होते किंवा गोठते, असे दाखवणारा ठोस पुरावा आमच्या वाचनात नाही.

गंधपुरा तेल मात्र अपवाद आहे. वेदनाशामक बाम आणि मलमांना जो उग्र, गोडसर वास येतो, तो बऱ्याचदा याचाच. त्यातील मुख्य द्रव्य मिथाइल सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनचे जवळचे नातलग असून ते त्वचेतून रक्तात शोषले जाते. शुद्ध गंधपुरा तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असते; ते ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक मोठ्या गोळ्यांइतके भरते. ही बाटली मुलांच्या हाती लागता कामा नये, ते याचसाठी. वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या रुग्णांनी असा बाम मोठ्या प्रमाणात वापरल्यावर रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. ज्या भगिनीला गुठळीवर औषध सुरू आहे, तिने गुडघ्याला कोणता बाम लावला हे डॉक्टरांना कळणे आवश्यक आहे, ते यामुळे.

पोटात घेतल्या जाणाऱ्या तेलांचा विचार अधिक सावधपणे करावा लागतो. लसणातील काही द्रव्ये प्लेटलेट पेशींचे एकमेकींना चिकटणे कमी करतात. लवंगेच्या तेलातील युजेनॉलचाही प्रयोगशाळेत तसाच परिणाम दिसतो. रोज सुमारे चार पाकळ्या लसूण खाणाऱ्या ८७ वर्षांच्या एका गृहस्थांना मणक्यात रक्तस्राव झाल्याची नोंद १९९० साली प्रसिद्ध झाली होती. असे क्वचित घडते. आमटीच्या फोडणीतल्या लसणाने कोणी भिऊ नये. प्रश्न आहे तो लसणाच्या तेलाच्या कॅप्सूल रोज घेण्याचा, आणि विशेषतः शस्त्रक्रिया तोंडावर आली असताना घेण्याचा.

स्तनाच्या दुखण्यासाठी इव्हिनिंग प्रिमरोज या वनस्पतीच्या तेलाच्या कॅप्सूल आपल्याकडे अनेकजणी घेतात. त्यांचा उपयोग पुरेसा सिद्ध न झाल्याने ब्रिटनमध्ये या औषधाचा परवाना २००२ साली काढून घेण्यात आला. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर त्या घेताना सावधगिरी बाळगावी, असे सांगितले जाते. हळदीतील करक्युमिनचा प्रश्न वेगळा आहे. नेदरलँड्समधील १६ रुग्णांच्या एका लहान अभ्यासात, २०१९ साली, मोठ्या मात्रेतील करक्युमिनमुळे टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणाऱ्या प्रभावी द्रव्याचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी, तर त्यासोबत मिरीचे सत्त्व दिल्यावर सुमारे १२ टक्क्यांनी घटलेले दिसले. म्हणजे भाजीतल्या चमचाभर हळदीला हरकत नाही. पण मोठ्या मात्रेच्या कॅप्सूल विचारल्यावाचून घेऊ नयेत.

याहून गंभीर गैरसमज याच्या उलट दिशेचा आहे. "लसणाचे तेल रक्त पातळ करते, मग रोजचे इंजेक्शन कशाला टोचून घ्यायचे?" असे म्हणून गुठळीवरचा उपचार मध्येच सोडला जातो. शिरेत झालेली गुठळी कोणत्याही वनस्पती-तेलाने बरी होते, असे एकाही विश्वसनीय चाचणीने दाखवलेले नाही. कर्करोगाच्या रुग्णाला गुठळीवरील उपचार बहुधा किमान तीन ते सहा महिने घ्यावा लागतो. तो मध्येच थांबवणे हे दार उघडे टाकून निजण्यासारखे आहे.

वनस्पतींचे ऋण

या विवेचनावरून आम्ही वनौषधींच्या विरोधात आहोत, असा समज होऊ नये. गुठळीवरील आणि कर्करोगावरील आधुनिक औषधांचा इतिहासच वनस्पतींनी लिहिला आहे. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे रक्तस्रावाने दगावू लागली. त्याचे कारण सडलेले गोड क्लोव्हर गवत आहे, हे कॅनडातील पशुवैद्यक फ्रँक स्कोफील्ड यांनी दाखवले. ताजे गवत निरुपद्रवी होते. बुरशी लागल्यावर त्यातील कुमारिन या सुगंधी द्रव्याचे रूपांतर घातक द्रव्यात होत असे. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते द्रव्य वेगळे केले. त्याच वाटेने पुढे वॉरफॅरिन जन्मले. १९४८ मध्ये ते उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांचे औषध झाले.

या कथेत आपल्यासाठी एक धडा आहे. कोकणात सांध्यांना लावल्या जाणाऱ्या उंडीच्या तेलातही कुमारिन वर्गातील द्रव्ये असतात. पण तेवढ्यावरून ते रक्त पातळ करते असे म्हणता येत नाही. एकाच वर्गातील एक द्रव्य सुगंध देते, दुसरे विष ठरते आणि तिसरे प्राण वाचवते. निर्णय नावावरून नव्हे, तर मात्रेवरून आणि परिणामावरून करावा लागतो.

दुसरे उदाहरण आमच्या रुग्णांच्या सलाईनच्या बाटलीतच आहे. स्तनाच्या कर्करोगावर दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल हे यू नावाच्या वृक्षाच्या सालीत सापडले. त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याच्या मूळ स्वरूपात ते एरंडेलावर रासायनिक प्रक्रिया करून केलेल्या द्रावकात विरघळवतात. या द्रावकामुळे काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होते, आणि त्यासाठीच औषधापूर्वी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. घरोघरच्या कपाटातले एरंडेल असे कर्करोगाच्या उपचारात सहभागी आहे, तेही मोजून मापून, परिचारिकेच्या नजरेखाली. मात्र स्तनातील गाठीवर एरंडेलाची पट्टी बांधून महिने घालवणे हा उपचार नव्हे. त्या महिन्यांत गाठ थांबून राहत नाही.

आमची विनंती

रुग्ण आणि कुटुंबीय यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. घरात वापरात असलेले प्रत्येक तेल, बाम, काढा, चूर्ण आणि कॅप्सूल पिशवीत घालून तपासणीच्या वेळी सोबत आणावे. नाव आठवण्याची गरज नाही. बाटली पुरेशी आहे.

२. एका पायाला किंवा हाताला अचानक सूज आली, तर चोळू नये, शेकू नये. त्याच दिवशी रुग्णालयात यावे.

३. अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा भोवळ येणे यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

४. रक्त पातळ करणारे औषध सुरू असताना गंधपुरायुक्त बाम, तसेच लसूण, आले, प्रिमरोज इत्यादींच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. हिरड्यांतून रक्त येणे, काळी शौचास होणे, अंगावर निळे डाग उमटणे ही धोक्याची चिन्हे समजावीत.

५. शस्त्रक्रियेपूर्वी अशा कॅप्सूल साधारणतः दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात. टॅमॉक्सिफेन किंवा डॉक्टरांनी दिलेले दुसरे कोणतेही औषध मात्र स्वतःहून थांबवू नये.

६. लांबच्या प्रवासात अधूनमधून उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे हलवावेत आणि पाणी पीत राहावे.

७. वैद्यांकडे जाताना कर्करोगाच्या उपचारांची कागदपत्रे सोबत न्यावीत. वैद्य आणि डॉक्टर या दोघांनाही एकमेकांची औषधे ठाऊक असावीत.

रुग्ण तेलाविषयी बोलत नाहीत, याचा दोष आम्ही त्यांना देत नाही. "हे काय लावता?" असे चढ्या आवाजात विचारले गेले, की माणूस पुढच्या वेळी बाटली लपवतो. तो दोष विचारणाऱ्यांचा, अर्थात आमचाही आहे. म्हणून आमच्या केसपेपरवर आम्ही आता एक ओळ वाढवली आहे : "घरी कोणते तेल, काढा किंवा कॅप्सूल वापरता?" आणि ती भरून घेताना चेहऱ्यावर आठी येऊ द्यायची नाही, असे आमच्या सर्व सहकाऱ्यांनी ठरवले आहे.

या ओळीला छपाईचा खर्च जवळजवळ नाही. परंतु उत्तर ऐकून घेण्यासाठी परिचारिकेपाशी दहा मिनिटे असावी लागतात, आणि शंका आली तर त्याच दिवशी, पैशांची वाट न पाहता, डॉपलर तपासणी व्हावी लागते. ही दहा मिनिटे आणि ही तपासणी आपल्या देणग्यांतूनच उभी राहते. इमारतीच्या कोनशिलेवर ती दिसत नाही. पण एखादी आई सुजलेला पाय न चोळता वेळेवर दारात पोहोचते आणि बरी होऊन घरी परतते, तेव्हा आपले दान सत्कारणी लागलेले असते.